निवेदन आणि वकीलपत्र

२० मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘ट्रुथ सोशल’ या आपल्याच समाजमाध्यमावर जाहीर केले, की न्यूयॉर्कच्या पॉल वाइस या लॉ फर्मबरोबर तडजोड झाली आहे. सहाच दिवसांपूर्वी या फर्मविरुद्ध त्यांनी कार्यकारी आदेश काढला होता. तो मागे घ्यायचा, बदल्यात फर्मने प्रशासनाला प्रिय असलेल्या कामांसाठी ४ कोटी डॉलर किमतीची मोफत वकिली करायची आणि ‘डीईआय’ धोरणे, म्हणजे विविधता-समावेशनाच्या नावाने चालणारे उपक्रम, सोडून द्यायचे, असा अध्यक्षांचा मजकूर होता. फर्मचे तेव्हाचे प्रमुख ब्रॅड कार्प यांनी सहकाऱ्यांना कराराची म्हणून जी प्रत पाठवली, तिच्यात डीईआयचा शब्दही नव्हता. ही विसंगती वृत्तपत्रांनी लगेच चव्हाट्यावर आणली. एका तडजोडीचे दोन पाठ, आणि तेही अशा धंद्यात, जिथे करारातला स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ नये म्हणून पक्षकार तासाला दोन-दोन हजार डॉलर मोजतात.

देश राजकीयदृष्ट्या दुभंगलेला असताना वकिली फर्मने जाहीरपणे काय बोलावे आणि कधी गप्प राहावे, हा प्रश्न त्या वसंतात डॉलरांत मोजला गेला. पण तो त्याहून पुष्कळ जुना आहे.

१९५४ साली कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेने गाजलेले सिनेटर जोसेफ मॅकार्थी आणि अमेरिकी लष्कर यांच्यातली सुनावणी दूरचित्रवाणीवरून देशभर दिसत होती. लष्कराची बाजू मांडत होते बोस्टनच्या हेल अँड डॉर या फर्मचे जोसेफ वेल्च. ९ जूनला मॅकार्थींनी वेल्च यांच्याच फर्ममधल्या एका तरुण वकिलावर, डाव्या विचारांच्या वकील संघटनेत तो पूर्वी होता म्हणून, भर सुनावणीत चिखलफेक केली. वेल्च यांनी मॅकार्थींच्या सभ्यतेलाच हात घालणारे जे उत्तर दिले, ते आता अमेरिकी शाळकरी मुलांनाही माहीत असते. कमी सांगितला जाणारा भाग असा, की त्या तरुणाला वेल्च यांनी जवळपास दोन महिने आधीच या कामातून बाजूला करून बोस्टनला परत पाठवले होते आणि ही गोष्ट वर्तमानपत्रात छापूनही आली होती. म्हणजे फर्मने आधी सावधपणा केला होता, शौर्य नंतर आले. दोन्ही एकाच माणसाने केले, म्हणून तो प्रसंग मला आजच्या फर्म्सशी ताडून पाहावासा वाटतो. हेल अँड डॉर २००४ मध्ये विलीनीकरणातून विल्मरहेल झाली. हे नाव पुढे पुन्हा येईल.

वेल्च यांच्या काळात फर्मला स्वतःचा जाहीर आवाज असा नव्हताच. वकिलांच्या जाहिरातीवरची सरसकट बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, बेट्स खटल्यात, मोडीत काढली. त्यानंतर मार्केटिंगचे विभाग आले, माहितीपुस्तिका आल्या, मग संकेतस्थळे आणि त्यांवरची ‘आमची मूल्ये’ अशी पाने. फर्म आता तीन दिशांना तोंड करून बोलू लागली. एकीकडे पैसे देणाऱ्या कंपन्या, दुसरीकडे विधी महाविद्यालयांतून भरती करायची हुशार मुले, तिसरीकडे सत्ता. तिघांना एकच वाक्य आवडते तोवर हे काम सोपे होते.

२००७ च्या जानेवारीत या सोपेपणाला पहिला मोठा तडा गेला. संरक्षण खात्यातले अधिकारी चार्ल्स स्टिमसन यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातल्या कैद्यांची मोफत बाजू लढवणाऱ्या बड्या फर्म्सची नावे वाचून दाखवली. कंपन्यांच्या प्रमुखांनी या फर्म्सना विचारावे, की दहशतवाद्यांचे वकील व्हायचे आहे की आमचे, असा त्यांचा रोख होता. वकिलांच्या संघटना खवळल्या, स्टिमसन यांनी माफी मागितली आणि महिन्याभरात पद सोडले. २०१० मध्ये रिपब्लिकन नेत्या लिझ चेनी यांच्या संघटनेने हाच आरोप ओबामांच्या न्याय खात्यातल्या, पूर्वी अशा कैद्यांची बाजू मांडलेल्या वकिलांवर केला, तेव्हा केन स्टार यांच्यासारख्या कडव्या रिपब्लिकन वकिलांनीही सह्यांचे पत्र काढून तो धिक्कारला. वकील म्हणजे त्याचा पक्षकार नव्हे, एवढे तरी दोन्ही बाजूंना मान्य होते.

मग आला पॉल क्लेमंट यांचा किस्सा. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा नकाशा या एका माणसाच्या नोकऱ्या बदलण्यात सापडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

क्लेमंट हे धाकट्या बुश यांच्या काळातले सॉलिसिटर जनरल, पुढे अटलांटाच्या किंग अँड स्पाल्डिंग फर्ममध्ये भागीदार. २०११ मध्ये विवाह म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचा, असे ठरवणाऱ्या ‘डोमा’ या केंद्रीय कायद्याची बाजू लढवायला ओबामा प्रशासनाने नकार दिला. तेव्हा प्रतिनिधिगृहाने ते काम क्लेमंट यांना दिले. समलिंगी हक्कांच्या संघटनांनी फर्मवर, तिच्या पक्षकारांवर आणि भरतीवर दबाव आणला. आठवडाभरातच फर्मच्या प्रमुखांनी निवेदन काढले, की काम स्वीकारताना छाननीत कसूर झाली, सबब आम्ही माघार घेतो. त्याच दिवशी क्लेमंट यांनी राजीनामा दिला. कायद्याविषयी माझे मत काय ते सोडा, पण घेतलेला पक्षकार काही वर्तुळांत नावडता ठरला म्हणून सोडायचा नसतो, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. ओबामांचे अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनीही त्यांचीच पाठराखण केली. खटला क्लेमंट दुसऱ्या फर्ममधून लढले आणि २०१३ मध्ये हरले. समोर होती एडिथ विंडसर ही वृद्ध विधवा, आणि तिच्या वकील रॉबर्टा कॅप्लन होत्या पॉल वाइसच्या.

पुढे क्लेमंट कर्कलंड अँड एलिस या बलाढ्य फर्ममध्ये गेले. २३ जून २०२२ रोजी बंदूकधारकांच्या हक्काचा मोठा खटला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जिंकला. त्याच दिवशी कर्कलंडने कळवले, की असले खटले यापुढे नकोत. क्लेमंट पुन्हा बाहेर पडले आणि या वेळी एरिन मर्फी यांच्याबरोबर स्वतःची छोटी फर्म काढली. दोन्ही वेळा दबाव उदारमतवादी बाजूचा होता, हे विसरून चालणार नाही. नावडत्या पक्षकारावरून वकिलाला कोंडीत पकडण्याची रीत उजव्यांनी शोधून काढली असे म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षे पाहावीत.

२०२० हे निवेदनांचे वर्ष. पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जवळपास प्रत्येक मोठ्या फर्मने वंशवादाविरुद्ध पत्रक काढले. ती पत्रके एकाच साच्यातली होती, कुणाचे लेटरहेड कुणाला लावले असते तरी चालले असते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणुकीच्या निकालाला आव्हान देणाऱ्या खटल्यांवरून जोन्स डे आणि पोर्टर राइट या फर्म्सवर समाजमाध्यमांत तुफान टीका झाली. जोन्स डेने खुलासा केला, की मतदान-घोटाळ्याचा आरोप करणाऱ्या कुठल्याही खटल्यात आम्ही ट्रम्प यांचे वकील नाही. पोर्टर राइटने पेनसिल्व्हेनियातल्या खटल्यातून अंगच काढून घेतले. खुलासा खरा असू शकतो, पण त्यातून आम्हाला विचाराल तर आम्ही उत्तर देऊ, हा संदेशही गेला. मग विचारणारे वाढतच गेले.

२०२२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा ‘रो’ निवाडा उलटला, तेव्हा दोन वर्षांपूर्वी भरभरून लिहिणाऱ्या बहुतेक फर्म्स एकाएकी मुक्या झाल्या. काहींनी फक्त कर्मचाऱ्यांच्या प्रवासखर्चाची सोय केली आणि त्यावरूनही टेक्सासमधल्या आमदारांच्या एका गटाने सिडली ऑस्टिनला फौजदारी कारवाईची धमकी देणारे पत्र धाडले. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझावरून फर्म्स विद्यार्थ्यांच्या मतांची झडती घेऊ लागल्या. विन्स्टन अँड स्ट्रॉनने न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका विद्यार्थी-नेत्याला दिलेली नोकरी काढून घेतली, डेव्हिस पोकने हार्वर्ड आणि कोलंबियातल्या तिघांची. १ नोव्हेंबरला दोन डझनांहून अधिक फर्म्सनी विधी महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना ज्यूद्वेषाविरुद्ध सामूहिक पत्र लिहिले, त्यावर पुढे आणखी कितीतरी फर्म्सच्या सह्या झाल्या. त्या पत्रातला मुद्दा योग्यच होता. पण तरुण वकिलांनी सरळ हिशेब मांडला: २०२० ला बोललात, २०२२ ला नाही, २०२३ ला बोललात, तर हा तोल कुठल्या काट्यावर होतो? याचे उत्तर कोणत्याच फर्मकडे नव्हते, कारण काटा फर्मच्या हातात नव्हताच. ज्या आठवड्यात ज्याचा फोन मोठा, त्या आठवड्यात त्याच्या बाजूने पारडे झुकत होते.

अशी सवय लागलेल्या धंद्यावर २०२५ कोसळले. ६ मार्चला सिअॅटलच्या पर्किन्स कुई फर्मवर आदेश निघाला. २०१६ मध्ये ती हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराची वकील होती. १४ ला पॉल वाइस, २५ ला जेनर अँड ब्लॉक, २७ ला विल्मरहेल, ९ एप्रिलला सुस्मन गॉडफ्री. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळातले विशेष चौकशी अधिकारी रॉबर्ट म्युलर यांच्याशी संबंध, त्यांच्या चौकशीतल्या वकिलाला दिलेली नोकरी, अशी कारणे. सुस्मनने तर फॉक्स न्यूजकडून डोमिनियन या मतदान-यंत्र कंपनीला ७८.७५ कोटी डॉलरांची तडजोड मिळवून दिलेली. आदेशांचा गाभा एकच होता: वकिलांच्या गोपनीय माहितीच्या परवानग्या गोठवा, सरकारी इमारतींत त्यांना मज्जाव करा, सरकारी कंत्राटदारांनी या फर्मशी असलेला व्यवहार उघड करावा. शेवटची अट सर्वांत जहरी होती. मोठ्या फर्मचे मोठे पक्षकार सरकारी कंत्राटांत गुंतलेले असतात. त्यांना वकील बदला असे सांगावे लागत नाही, नाव लिहून द्या एवढे म्हटले की पुरते.

फर्म्स दोन गटांत फुटल्या. नऊ फर्म्सनी तडजोड केली. पॉल वाइसपाठोपाठ स्कॅडन, विल्की फार, मिलबँक आणि कॅडवॉलेडर प्रत्येकी १० कोटी डॉलर, कर्कलंड, लेथम, सिम्पसन थॅचर आणि एओ शीअरमन प्रत्येकी साडेबारा कोटी. एकूण ९४ कोटी डॉलरांची मोफत वकिली. आदेश निघालेल्यांपैकी उरलेल्या चौघी, पर्किन्स, जेनर, विल्मरहेल आणि सुस्मन, कोर्टात गेल्या. विल्मरहेलचे वकीलपत्र घेतले पॉल क्लेमंट यांनी. विंडसरचा खटला जिंकणारी पॉल वाइस आणि बंदुकीच्या खटल्यांवरून त्यांना निरोप देणारी कर्कलंड दोन्ही तडजोडीच्या रांगेत, आणि ट्रम्प प्रशासनाविरुद्ध उभा राहिलेला वकील पुराणमतवाद्यांचा लाडका. अशी उलटापालट कादंबरीत कुणी घातली असती तर संपादकाने खोडली असती.

तडजोड करणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती. कार्प यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले, की हा आदेश फर्म सहज संपवू शकला असता, खटला जिंकूनही पक्षकारांच्या नजरेत आपण सरकारला नकोसेच राहिलो असतो. इतर फर्म्स मदतीला धावतील असे वाटले होते, पण काही जण उलट आपले पक्षकार आणि वकील फोडायला निघाले. लॉ फर्मचे भांडवल म्हणजे माणसे, आणि ती कुठल्याही सोमवारी दुसऱ्या फर्ममध्ये जाऊन बसू शकतात. कंपन्यांच्या विलीनीकरणावर जगणाऱ्या फर्मला तर पावलोपावली सरकारी मंजुरी लागते. हे सगळे खरे. पण याच कार्प यांनी २०१८ मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून तोडण्याच्या धोरणाविरुद्ध न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता, वकील हे संकट निस्तरतील असे वचन देणारा. जाहीर शब्दाचा हाच दोष, तो जुना होत नाही.

शिवाय तडजोडीने बोलण्याचा हक्कच हातचा गेला. अटी जाहीर करत होते अध्यक्ष, फर्म्स नव्हेत. एप्रिलमध्ये कोळसा उद्योगासाठीच्या आदेशावर सही करताना ट्रम्प यांनी या मोफत वकिलांना कोळशाच्या कामाला जुंपण्याची कल्पना बोलून दाखवली. काँग्रेसमधल्या डेमोक्रॅट सदस्यांनी विचारणा केली तेव्हा फर्म्सनी उत्तर दिले, की कुठली कामे घ्यायची ते आम्हीच ठरवू. दोघांनाही खोटे पाडता येत नव्हते, कारण सगळ्यांना पाहता येईल असा सविस्तर करारच नव्हता. दरम्यान अनेक फर्म्सच्या संकेतस्थळांवरून डीईआयची पाने गुपचूप नाहीशी झाली किंवा नवे नाव घेऊन परतली. २०२० ची पत्रके लिहिणाऱ्या विभागानेच बहुधा तेही काम केले असेल.

लढणाऱ्या फर्म्स बोलल्या ते वेगळ्या जागी. जेनरने खास संकेतस्थळ काढले, पण त्यावर मूल्यांचे पाल्हाळ नव्हते. तिथे दावा, शपथपत्रे, पाठिंब्याची निवेदने आणि निकाल होते. माझ्या दृष्टीने या सगळ्या आढाव्यातला कळीचा फरक इथे आहे. प्रसिद्धिपत्रकाखाली फर्मचे नाव असते, जबाबदारी कुणाचीच नसते. दाव्याखाली वकिलाची सही असते आणि त्यातले विधान बिनबुडाचे निघाले तर केंद्रीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम ११ खाली त्याच वकिलाला दंड होऊ शकतो. चुकल्यास किंमत पडते म्हणूनच त्या कागदाला वजन येते. वकिलांच्या तोंडून आम्ही ऐकतो ते याच वजनासाठी, त्यांची विश्वाविषयीची मते कळावीत म्हणून नव्हे. गाझा, गर्भपात, बंदुका यांवर फर्मचे मत काय, हे कुणाला कळायची गरज नाही, आणि भागीदार शेकड्यांनी असताना तसे एक मत असणेही शक्य नाही. पण नावडत्या माणसाला वकील मिळावा की नाही, हा प्रश्न धंद्याचा स्वतःचा आहे. त्यावर गप्प राहणे हा तटस्थपणा म्हणता येत नाही.

न्यायाधीशांनीही ते तसेच पाहिले. पर्किन्सच्या पहिल्याच सुनावणीत बेरिल हॉवेल यांनी आदेशाने आपल्या अंगावर शहारा आल्याचे बोलून दाखवले. २ मे रोजी त्यांनी आदेश घटनाबाह्य ठरवला. मेअखेर जॉन बेट्स यांनी जेनरच्या आणि रिचर्ड लिऑन यांनी विल्मरहेलच्या बाजूने निकाल दिला, जूनअखेर लोरेन अलीखान यांनी सुस्मनच्या. यातले बेट्स आणि लिऑन हे धाकट्या बुश यांनी नेमलेले. चारही खटले फर्म्सनी जिंकले, सरकारने अपिले केली. हॉवेल यांनी तळटीपेत एक टोचणी लावली: तडजोड केलेल्या फर्म्सच्या काही पक्षकारांना आपली बाजू पूर्ण जोमाने लढवली जाईल ना, अशी शंका येऊ शकते. बाजारातही तशी चिन्हे दिसली. मायक्रोसॉफ्टने एका खटल्यात सिम्पसन थॅचरच्या जागी जेनरला घेतले. पॉल वाइसमधून कॅरेन डन यांच्यासह नामवंत भागीदार बाहेर पडले आणि त्यांनी नवी फर्म काढली. अर्थात तडजोड केलेल्या फर्म्स काही ओस पडल्या नाहीत, सौद्यांचे काम चालूच राहिले.

आणि बाकीचा धंदा? पर्किन्सच्या समर्थनार्थ ५०० हून अधिक फर्म्सनी न्यायालयात संयुक्त निवेदन दिले. त्यात उत्पन्नाने पहिल्या दहात बसणारी एकही नव्हती. छोट्या गावातल्या चार वकिलांच्या फर्मने सही केली आणि अब्जावधी कमावणाऱ्यांनी हात आखडता घेतला. अमेरिकन बार असोसिएशन मात्र जूनमध्ये स्वतःच सरकारविरुद्ध कोर्टात गेली, सुस्मन गॉडफ्रीलाच वकील नेमून.

आपल्याकडे हा प्रश्न याच रूपात उभा राहत नाही, कारण फर्मला तोंड उघडायची मुभाच मर्यादित आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वकिलांना जाहिरातीची मनाई करतो. २००८ पासून संकेतस्थळावर नाव-पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढे देता येते. अमेरिकेत आदेश निघत होते त्याच मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल इथल्या वकिलांना सिनेनट घेऊन केलेल्या जाहिरातींबद्दल तंबी देत होती. पण वकिलाला पक्षकाराशी चिकटवण्याची खोड आपल्यालाही आहे. १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे दिनशा दावर १९०८ मध्ये न्यायाधीश म्हणून त्यांनाच सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देतात, ते अनेकांना अजून विश्वासघातासारखे वाटते. २००९ मध्ये कसाबसाठी न्यायालयाने नेमलेल्या वकिलाच्या मुंबईतल्या घरावर जमाव चालून गेला. अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव तर ठिकठिकाणी होत, ते बेकायदा आणि निरर्थक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट सांगावे लागले.

अमेरिकेत असा ठराव कुणी केलेला नाही. पण २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत स्थलांतरितांसाठी आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगू लागल्या होत्या, की बड्या फर्म्सचे फोन लागत नाहीत. पूर्वी मोफत वकिलांची फौज देणाऱ्या फर्म्स आता ‘हितसंबंधांचा प्रश्न’ किंवा ‘सध्या मनुष्यबळ नाही’ असे कळवतात. ज्या कामांत समोर सरकार आहे, तिथे वृत्तसंस्थांच्या पाहणीतही ही माघार दिसली. या नकाराचे प्रसिद्धिपत्रक निघत नाही आणि खटला दाखलच झाला नाही तर त्याची नोंद न्यायालयाच्या दप्तरातही होत नाही. त्या संस्था आता लहान फर्म्सकडे, निवृत्त वकिलांकडे आणि विधी महाविद्यालयांच्या मदत केंद्रांकडे वळल्या आहेत. त्यांच्याकडे वकील मोजके आहेत आणि प्रकरणे वाढती.